अर्धं दळण

ड्यूटीवरून परतताना रत्नामावशी रोज आमच्या कुंपणाशी सायकल थांबवायची. उतरायची नाही. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर, हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी अजून हलत असायची, आणि ती आत हाक मारायची, "गीता, आज का राह्यलं वं?"

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्तर द्यायची. "वटाणे सोलायचे राह्यले." "सुमेधाच्या फ्रॉकले काज करायचे राह्यले." सुमेधा म्हणजे मी. कधी वैतागून, "सारंच राह्यलं, ये न करू लागाले." मावशी ऐकून घ्यायची, "होईल मंग" म्हणायची आणि शेजारच्या घराकडे, म्हणजे स्वतःच्या घराकडे, निघून जायची. दुपारपाळी असली तर हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा. एकदा तिचं आणि आईचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि दोघी चार दिवस बोलत नव्हत्या. त्या चार दिवसांतही सायकल थांबली, प्रश्न आला, आईनं रागानं का होईना उत्तर दिलं.

मला तो शेजारधर्म वाटायचा. त्या प्रश्नामागं एक मेलेली बाई उभी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

रत्नमाला लांजेवार तुमसरची. वडील तिथल्या राईस मिलमध्ये हमाल होते. नागपूरला नर्सिंग शिकून, श्रीधरकाकांशी लग्न करून, ती एकाहत्तर साली भिलाईला आली. काका पोलाद कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून त्यांनी कोहक्यात घर घेतलं आणि नंतर क्वार्टर मिळालं तरी ते सोडलं नाही. तेव्हा कोहका म्हणजे निम्मं गाव होतं. आमच्या दोन घरांच्या मागं धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती आणि पावसाळ्यात बेडूक थेट मोरीत यायचे. मावशीला पावर हाउस नावाच्या बाजारपेठेजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तीस खाटांचं हॉस्पिटल. त्यातल्या कॅज्युअल्टीत ती बावीस वर्षं राहिली. दोन पलंग, एक हिरवा पडदा, ऑक्सिजनची एक नळकांडी, उकळत्या पाण्यात सुया ठेवायचं एक भांडं, आणि कुलूपबंद कपाटात ईसीजीचं मशीन. एवढीच ती खोली.

पुरुषांचा हार्ट अटॅक ती दारातच ओळखते, असं सगळे म्हणायचे. मी तिला एकदा विचारलं, कसं? तर म्हणाली, "त्यात ओळखाचं का हाय? तो येते तं दहा जण घेऊन येते. अन् मूठ पाह्यची." आणि तिनं स्वतःची मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली. दुखतं कुठं विचारलं तर पुरुष बोट दाखवत नाही, मूठ ठेवतो, असं तिचं म्हणणं. मग ती शर्टाच्या कॉलरीत दोन बोटं घालायची. भिलाईत घामाचं कौतुक कोणाला नव्हतं. भट्टीवरून येणारा प्रत्येक जण घामानं भिजलेला असायचा. पण भट्टीचा घाम गरम असतो. हा घाम थंड, रांजणाच्या बाहेरच्या अंगासारखा.

पावर हाउसचे मिठाईवाले भैय्याजी असेच आले होते. हसत, बारा माणसांसह. "अरे सिस्टर, कुछ नहीं, गैस है. एक सोडा पिला दो, दुकान में भीड़ है."

मावशीनं कॉलरीत बोटं घातली. "भैय्याजी, दुकान तर चालंलच. तुम्ही पडा इथं."

"लेटने का टाइम किसके पास है?"

"आहे आपल्या पास. लेटो चुपचाप. अन् तुमी बाकीचे बाहेर निंघा, इथं जिलेबी नाही वाटून राह्यली मी."

भैय्याजी वाचले. त्यानंतर दर दिवाळीला कॅज्युअल्टीत मिठाईचा डबा येऊ लागला. मावशी त्यातला एक पेढा खायची आणि बाकीचे आयांना वाटून टाकायची. गोष्ट इथंच संपली असती तर ती एका हुशार नर्सची गोष्ट झाली असती. पण भैय्याजींना वाचवलं त्याच वर्षी, शहात्तर साली, गयाबाई गेली.

गयाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या चक्कीवाल्याची बायको. तिचा नवरा कवडू मशीन, पट्टा, दगड सांभाळायचा. दळण गयाबाई बघायची. वीस किलोचा डबा ती एका हातानं उचलून चक्कीच्या वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतायची आणि दुसऱ्या हातानं नाकावरचं पीठ पुसायची. तिच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. चाळीस-बेचाळीसची असेल. आजारी पडलेली तिला कोणी पाहिलं नव्हतं.

छत्तीसगढी बायकांची तीजा आणि आम्हां मराठी बायकांची हरतालिका एकाच दिवशी येते. आदल्या रात्री त्यांच्याकडे कारल्याची भाजी आणि भात, करू भात म्हणतात त्याला, आणि मग दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडच्याही कडक बायका पाणी पीत नाहीत. भाद्रपदातली उमस असते, अंगाला कपडा चिकटतो, आणि अकरा वाजल्यापासून कॅज्युअल्टीत बायका यायला लागतात. चक्कर आली, मळमळतं, हातपाय गळाले, डोळ्यांपुढं अंधार. हॉस्पिटलची तयारी असायची. ग्लुकोज कालवलेली एक बादली, टोपलीभर लिंबं, स्टीलचे ग्लास. समजावायचं, रागवायचं, पाजायचं, अर्धा तास बाकड्यावर झोपवायचं, घरी पाठवायचं. त्या एका दिवशी तिथं आजार एकच असायचा आणि औषधही एकच.

गयाबाई चालत आली. एकटी. पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

"मळमळून राह्यलं, बाई. अन् पाठीत असं, कोणी पाट ठेवल्यावाणी."

"उपास लागला तुले," मावशी म्हणाली. बाकड्यावर तेव्हा सात बायका होत्या. "दिवसभर डबे उचलते अन् पाणी नाही पीत. देव म्हणते का असं कराले?"

"पाणी नाही पिणार मी."

"पिशील. माह्या हातचं पी. महादेवाले मी सांगते."

गयाबाई हसली, असं मावशी सांगायची. हसून तिनं ग्लास घेतला, डोळे मिटून एका दमात प्यायली आणि म्हणाली, "सांगजो मंग, विसरू नको." अर्धा तास पडून राहिली. बरं वाटतं म्हणाली आणि चालत घरी गेली.

तीन वाजता कवडू तिला हातगाडीवर घालून घेऊन आला. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हार्टचं आहे म्हणून लिहिलं.

कोहक्यातल्या बायकांनी मात्र वेगळं ठरवलं. उपास मोडला म्हणून गेली. निर्जळ तीजेच्या दिवशी नर्सबाईनं बळजबरीनं पाणी पाजलं, घरी पोचली नाही तोच महादेवानं नेली. कवडूही तेच मानत होता. तेराव्या दिवशी मावशी भेटायला गेली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सोळा वर्षं केला तिनं हा उपास. काऊन तोडला, बाई? एका गिलासात तोडला तुमी."

मावशी काही बोलली नाही. आपली चूक ग्लासाची नव्हती हे तिला ठाऊक होतं. आपण ओळखलं नाही, ही चूक होती. बाकड्यावर आठवी बाई बसली आणि पहिल्या सातांकडे पाहून आपण तिला औषध दिलं, ही चूक होती. पण ती बोलली असती तर कवडूला खरा जाब विचारता आला असता, हॉस्पिटललाही. खोटा दोष आयता मिळाला होता आणि तिनं तो घेतला. हे ती स्वतः मला म्हणाली, अगदी सपाट आवाजात. "सोपं पडलं मले ते."

त्या दिवशी परत निघताना तिनं चक्कीच्या खोलीत डोकावून पाहिलं. चक्कीच्या पत्र्याच्या तोंडात कोणाचे तरी गहू तसेच होते. खाली डब्यात अर्धं पीठ पडलेलं, त्यावर पीठ उडू नये म्हणून लावलेली कापडी बाही लोंबत होती. तेरा दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता. चक्कीत घातलेलं दळण पूर्ण केल्याशिवाय गयाबाई पाणी प्यायलाही उठायची नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्या सकाळी ती मधेच उठली होती. पाठीत पाट ठेवल्यासारखं होतं हे तिनं सांगितलं, पण दळण अर्धं सोडलं हे नाही सांगितलं. ते कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मावशीनं कवडूच्या चक्कीवर दळण नेलं नाही. पंधरवड्याला गव्हाचा डबा सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून ती त्या चक्कीवरूनच पावर हाउसला जायची आणि तिथून दळून आणायची. चक्कीसमोरून जाताना मान सरळ. कवडूही बघायचा नाही. बारा वर्षं.

आणि कॅज्युअल्टीत तिची एक पद्धत सुरू झाली. बाई कोणतीही येवो, आधी हिरवा पडदा ओढायचा. नवरा, सासू, दीर, सगळे बाहेर. कारण नवरा सोबत असला की तोच बोलतो: हिला गॅस आहे, हिला टेन्शन आहे, हिचं काल भांडण झालं. आणि परक्या पुरुष डॉक्टरसमोर बाई छातीवर हात ठेवत नाही. लाजेनं हात दोन बोटं खाली सरकतो आणि ती म्हणते, पोटात. पडदा ओढला की कित्येकींचा हात आपोआप वर यायचा. छातीतच दुखत असायचं त्यांच्या, पुरुषांसारखंच. फक्त त्या ते म्हणत नसत. काहींच्या मात्र खरंच छातीत नसायचं. जबडा आखडायचा. दोन खांद्यांच्या मधे ओझं वाटायचं. दम लागायचा. ओकारी यायची. आठ-आठ दिवस आधीपासून अंगात बळ नसायचं आणि त्या म्हणायच्या, वय झालं.

मग मावशी विचारायची, "आज कोणतं काम अर्धं सोडून आली?"

बायका दुखणं लपवायच्या, पण काम लपवत नसत. तोंडातून निघून जायचं. कणीक मळता मळता उठली. विहिरीवर बालटी तशीच राहिली. लेकराची वेणी एकच घातली. थकलेली बाईही काम संपवून थकते, असं मावशी म्हणायची. वेणीची दुसरी बाजू सोडून उठली तर तिला पट्टीवर घ्यायचं, म्हणजे तिचा ईसीजी काढायचा. मशीनवाला शालिकराम जागेवर नसला तर खोळंबा नको म्हणून तिनं त्याच्याकडून ईसीजी काढायला शिकून घेतलं. जेली लावणं, छातीवर रबरी चंबू बसवणं, पट्टे बांधणं.

ती कितीदा तरी चुकली. दहातल्या आठ पट्ट्या साफ निघायच्या. कागदाचा रोल लवकर संपतो म्हणून मेट्रनकडे तक्रार गेली. डॉक्टर चेष्टा करायचे, "लांजेवार सिस्टर बहनों की फोटो खींचती हैं." ती हसायची नाही आणि चिडायचीही नाही. पुढच्या बाईला पडदा ओढायची.

अठ्ठ्याऐंशीच्या हरतालिकेला मी चौदा वर्षांची होते. आईचा उपास होता, पाण्याशिवायचा. सकाळी मी पत्री गोळा करून आणली होती. बाबांनी आदल्या रविवारी शिवनाथेच्या काठावरून पिशवीभर वाळू आणून ठेवली होती. आई ती चाळायला बसली. वाळूची पिंड, गौर, सखी, हे ती दरवर्षी इतकं निगुतीनं करायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या. थोड्या वेळानं चाळणीचा आवाज थांबला. मी गेले तर आई भिंतीला टेकून बसली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "मान अवघडली." मग म्हणाली, "हा दात दुखून राह्यला वाटते." मग उठून मोरीत गेली आणि तिला कोरडी ओकारी आली.

बाबांनी रिक्षा आणली. कारखान्याचं मोठं हॉस्पिटल लांब होतं, पावर हाउसचं जवळ, शिवाय तिथं मावशीची सकाळपाळी होती. कॅज्युअल्टीत बसायला जागा नव्हती. बाकड्यावर, जमिनीवर, दारात उपासाच्या बायका. बादली, लिंबं, ग्लास. डॉ. ओमप्रकाश नावाचे तरुण डॉक्टर तेव्हा तिथं होते. रायपूरचे, स्वभावानं चांगले, त्या दिवशी घामाघूम झालेले. त्यांनी आईची नाडी पाहिली, डोळे पाहिले.

बाबा सांगत होते, "डॉक्टरसाब, शेजाऱ्यांनी काल करू भात पाठवला होता. कारल्यानं पित्त झालं हिले. दरवर्षीच होते."

"व्रत है?"

"हो."

"सिस्टर, ग्लुकोज़. आधा घंटा लिटा दीजिए, फिर घर."

मावशी आईकडे पाहत होती. आई तिची बारा-पंधरा वर्षांची शेजारीण होती, पण मावशीनं तिला ओळख दाखवली नाही. तिनं बाबांना म्हटलं, "भाऊजी, बाहेर थांबा." आणि पडदा ओढला. मी आईचा पदर धरून आतच राहिले. मला कोणी बाहेर काढलं नाही.

"गीता, आज का राह्यलं?"

तोच प्रश्न, कुंपणावरचा. पण सायकलवरून आलेला नव्हता. मावशीचा चेहरा आईच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता.

आईनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "वाळू."

"का झालं वाळूचं?"

"चाळता चाळता सोडली. पिंड नाही झाली." आणि आई रडायला लागली. "अर्धीच राह्यली, रत्ना."

मावशीनं आईच्या मानेवर, केसांखाली हात ठेवला. मी तिचा हात पाहिला. तो ओला होऊन बाहेर आला. मग तिनं पडद्याबाहेर तोंड काढलं.

"डॉक्टरसाब, पट्टी निकालती हूँ."

"सिस्टर, सुबह से चौबीस आ चुकी हैं. चौबीसों की निकालेंगी?"

"इसकी निकालूँगी."

"शालिकराम छुट्टी पर है. बहन को लाने गया है तीजा में."

"मैं निकालूँगी न. कुछ नहीं निकला तो आप सबके सामने डाँटना मुझे."

डॉक्टर काहीतरी म्हणणार होते, पण दारात आणखी एक बाई कोसळली आणि ते तिकडे धावले. मावशीनं कपाट उघडलं. आईच्या अंगावर ती जेली लावत होती तेव्हा तिचे हात अगदी शांत होते, पण ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र म्हणते आहे. जवळ गेल्यावर कळलं, ती फक्त चंबू मोजत होती. एक, दोन, तीन, चार. मशीन सुरू झालं. गरम सुई कागदावर सरकू लागली आणि जळका वास आला. मला त्या रेघेतलं काही कळत नव्हतं. मी मावशीचं तोंड वाचत होते. ते क्षणभर बंद झालं, जसं घराचं दार बंद होतं.

तिनं कागद फाडला आणि जाऊन डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी कागद पाहिला, उजेडाकडे धरून परत पाहिला, आणि हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

पुढं सगळं भराभर झालं. ऑक्सिजन, सलाईन, जीप बोलवा, मोठ्या हॉस्पिटलला फोन लावा. मावशी एक लहानशी गोळी घेऊन आईजवळ आली. आईनं तोंड घट्ट मिटून मान फिरवली.

"उपास मोडते."

"गीता."

"यांच्यासाठी हाय न तो. पाणी नाही घेणार मी."

मी मावशीकडे पाहिलं. ती थांबली. तिला रागावता आलं असतं, बाबांना आत बोलावता आलं असतं. ती वाकली आणि हळू म्हणाली, "पाणी नाही देत मी तुले. पाणी घे असं म्हणूनच नाही राह्यली. जिभेखाली ठेव. गिळाची नाही, आपोआप विरते. उपास तसाच राह्यते."

"खरं?"

"यावेळी खरं."

आईनं तोंड उघडलं.

जीपमध्ये मावशी आईसोबत गेली, ड्यूटी सोडून. आई सव्वीस दिवस मोठ्या हॉस्पिटलात राहिली आणि घरी आली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी अर्धा दिवस गेला असता तर हाती काही राहिलं नसतं. बाबा मावशीसमोर हात जोडून उभे राहिले. तेव्हा ती जरा तुटकपणे म्हणाली, "भाऊजी, पुढच्या वेळी तुमी बोलू नका, तिले बोलू द्या." नंतर वर्षभरानं मी डॉ. ओमप्रकाशांना एका म्हातारीला विचारताना ऐकलं, "अम्मा, कौन सा काम छोड़ के आई हो?" मावशी तेव्हा दुसऱ्या पलंगाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आई परतल्यानंतरच्या आठवड्यात मी कवडूकाकांच्या चक्कीवर दळण आणायला गेले होते. आमचे गहू चालू होते. तेवढ्यात मावशी आली. सायकल नव्हती, डबा नव्हता. हातात काहीच नसलेली मावशी मी त्याआधी पाहिली नव्हती. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि चक्कीच्या आवाजावरून मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, जरासं बंद करा."

कवडूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खटका ओढला. पट्टा फटफटत थांबला. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसू लागलं.

"गयाबाई उपासानं नाही गेली," मावशी म्हणाली. "पाणी पाजलं म्हणून नाही गेली. तिले त्या सकाळी अटॅक येऊन राह्यला होता अन् मले ओळखू नाही आला. मी पट्टी काढाले पाह्यजे होती. काढली असती तं वाचली असती का, हे मी नाही सांगू शकत. पण मी काढली नाही. उपास लागला म्हटलं अन् घरी पाठवलं."

कवडूकाका पत्र्याच्या तोंडातले गहू बोटांनी सारखे करत राहिले.

"अन् तुमी मले पाण्यासाठी बोलले तेव्हा मी चूप राह्यली. तुमाले खोट्यात ठेवलं मी. बारा वर्षं."

"म्हणजे..." ते म्हणाले. "मी समजत होतो का महादेवानं तिचं मानलं नाही. सोळा वर्षाचं काहीच नाही मानलं." त्यांनी गमछानं तोंड पुसलं. पीठ आणि पाणी मिळून गालावर पांढरा चिखल झाला. "दर तीजेले मले हेच वाटे. का तिचं गेलं ते गेलं, वरून वायाही गेलं."

"वाया नाही गेलं."

"तुमी नका सांगू मले." आवाज एकदम चढला. "तुमी जा, बाई. जा तुमी आता."

मावशी गेली. त्यांनी खटका ओढला, चक्की सुरू झाली, आणि आमचं राहिलेलं दळण त्यांनी शेवटच्या दाण्यापर्यंत दळून दिलं. डबा त्यांनीच उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. तो शब्द त्या दोघांपैकी कोणीही वापरला नाही. महिनाभरानं, दिवाळीच्या आधी, कवडूकाका मावशीच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. बाहेरूनच श्रीधरकाकांना म्हणाले, "चकलीची भाजणी दळाची असन तं बाईले म्हणा, इकडंच आणा. पावर हाउसवाल्याचा दगड गरम होते. पीठ जळते." आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मावशीचा डबा त्यांच्या रांगेत होता. त्यानंतर नेहमीच होता.

त्र्याण्णवच्या जानेवारीत मावशीला कावीळ झाली. त्या काळी सुया उकळून उकळून वापरायचे आणि बोटात टोचणं ही रोजची गोष्ट होती, तिनं कधी त्याचा हिशेब ठेवला नाही. मी तेव्हा नागपूरला बी.ए. करत होते आणि संक्रांतीला घरी आले होते. कुंपणाशी सायकल थांबली तेव्हा मीच खिडकीत होते. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते. तिनं विचारलं, "का राह्यलं?" मी म्हटलं, "मावशी, तुझे डोळे." ती म्हणाली, "हो. आठ दिवस झाले. माहेही वटाणे सोलाचे राह्यले." म्हणजे ती आठ दिवसांपासून काम सोडत होती आणि तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी श्रीधरकाका तिला नागपूरला न्यायला निघाले. दुपारची गाडी होती. रिक्षा दाराशी आली. मावशीनं पांढरी साडी नेसली होती, ड्यूटीवर नेसायची तीच. बाकीच्या धुवायला पडल्या होत्या. आई कुंपणाशी गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. नागपूरच्या हॉस्पिटलात मावशी नऊ दिवस होती आणि शेवटचे पाच दिवस तिला कोणाची ओळख नव्हती, म्हणून तिचं आमच्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते त्या रिक्षातलंच.

रिक्षा हलली, तशी ती एकदम पुढं वाकली, काहीतरी विसरल्यासारखी, आणि मागं वळून म्हणाली, "गीता, माहं दळण चक्कीवर हाय. आजच आणजो. उद्या मंगळवार, कवडूभाऊ बंद ठेवते."